तुला भिंत आतून बघायची होती

मंजू,

आज सकाळी तुझ्या भिंतीला भोकं पाडली. मी तिथे होतो, आपली ईशाही होती. उन्हाळ्यात तू ज्या जागा दाखवल्या होत्यास, बरोबर तिथेच ड्रिल लावलं. आत काय निघालं ते सांगतो, पण दमाने. तू तरी कधी कुणाला उत्तर आधी सांगितलं आहेस? आधी सगळी माहिती, मग निष्कर्ष, हा तुझा खाक्या. घरातला नळ गळत असला तरी तू मला पहिल्यांदा पाण्याचा दाब समजावून सांगायचीस. आज तुला थोडं थांबावं लागेल.

तू जाऊन दोन महिने होत आले. लोक भेटायला येतात, डबे आणतात, आणि चहा झाला की हळूच विचारतात, वहिनी नक्की काय काम करायच्या? इतकी वर्षं मंडळाच्या गणपतीत तुझ्या हातची शेवभाजी खाल्लेले लोक, पण निम्म्यांना वाटायचं तू पूल बांधतेस. मग मी तुझं भाषण देतो. तोंडपाठच आहे मला. नदीला उतार असतो, म्हणून माल वाहणाऱ्या मोठ्या सपाट बोटी, म्हणजे बार्जेस, पायरीपायरीने चढवाव्या-उतरवाव्या लागतात. त्यासाठी नदीत काँक्रीटची एक लांबलचक खोली बांधतात, दोन्ही टोकांना दारं. बार्ज आत आली की दार लावायचं, पाणी भरायचं किंवा सोडायचं. बार्ज वर येते किंवा खाली जाते. या खोलीला लॉक म्हणतात, आणि इलिनॉयमधली ही लॉकं आपल्या आजोबांच्या वयाची आहेत. थंडीने ती आतून किती खराब झालीत, अजून किती टिकतील, हे मंजू बघायची. लोक मान डोलावतात. एक जण म्हणाला, म्हणजे मेंटेनन्स. मी सोडून दिलं. तू असतीस तर त्याचा चहा गार झाला असता.

"थंडीने" हा शब्दसुद्धा तू चालू दिला नसतास. नुसत्या थंडीने काँक्रीटला काही होत नाही, हे मी किती वेळा ऐकलंय. पाणी आत शिरतं, गोठतं, फुगतं, फट पाडतं. मग वितळतं, त्या फटीतून आणखी आत जातं आणि पुन्हा गोठतं. मारतं ते हे येणं-जाणं. मी एकदा ताकाची काचेची बाटली काठोकाठ भरून फ्रीझरमध्ये ठेवली आणि ती फुटली, तर तू माझ्यावर रागावण्याऐवजी खूश झालीस. पुढची कित्येक वर्षं माझी ती बाटली तुझ्या प्रत्येक व्याख्यानात होती. आताच्या काँक्रीटमध्ये मुद्दाम हवेचे बारीक बुडबुडे ठेवतात, म्हणजे पाणी गोठून फुगलं की त्याला जागा मिळते. जुन्या भिंती बांधल्या तेव्हा हे कुणाला माहीत नव्हतं. "तुझ्या बाटलीसारखं," तू म्हणायचीस, "काठोकाठ भरलेलं."

संक्रांतीच्या हळदीकुंकवात तू बायकांना कोडं घालायचीस, ते आठवतं? लॉकच्या दोन भिंती, एकीवर दिवसभर ऊन, दुसरी सदा सावलीत. आधी कोणती खराब होईल? सगळ्या म्हणायच्या सावलीतली, बिचारी गारठलेली. आणि तुझा चेहरा असा खुलायचा की जणू वाणात सोनं मिळालं. उन्हातली! कारण ती रोज दुपारी वितळते आणि रोज रात्री गोठते. सावलीतली आपली मार्चपर्यंत गुपचूप गोठून बसते, तिला काही त्रास नाही. कुलकर्णी काकू एकदा म्हणाल्या, मंजूबाई, तीळगूळ घ्या आणि आता जरा बोलू नका. सगळ्यात जास्त तूच हसलीस.

डेव्हन ॲव्हेन्यूचा किस्सा मात्र मी कुणाला सांगितलेला नाही. दिवाळीची खरेदी होती, मी पार्किंग शोधत गोल गोल फिरत होतो आणि तुला मिठाईच्या दुकानासमोर सोडलं होतं. परत आलो तर तू फुटपाथच्या कडेला उकिडवी बसून गाडीच्या किल्लीने काँक्रीटवर टकटक करत होतीस, कान खाली लावून. शेजारी तीन बायका आणि दुकानाचा मालक वाकून जमीन चाचपत होते. त्यांना वाटलं तुझी कुडी पडली. तू त्यांना खरं सांगायला हवं होतंस, पण ते इतक्या मनापासून शोधत होते की तुझ्याच्याने सांगवेना, आणि तूही त्यांच्याबरोबर शोधायला लागलीस. शेवटी मालकाने तुझं सांत्वन म्हणून पाव किलो काजूकतली फुकट दिली. गाडीत बसल्यावर तू म्हणालीस, ती कड आतून सुटलीये, दोन हिवाळे टिकेल. काजूकतली मात्र खाल्लीस.

आपला एक वाद अर्धाच राहिला. टेक्सासात शुगर लँडला माझ्या कंपनीचं ऑफिस, माझा भाऊ दिलीप तिकडे, घरं मोठी, हवा गरम. दर जानेवारीत ड्राइव्ह-वेवरचा बर्फ उपसताना मी विषय काढायचो. तू एकच विचारायचीस: "तिकडे गोठतच नाही काही. मी काय करून राहू तिथं?" मी म्हणायचो, आराम कर. तू माझ्याकडे असं बघायचीस की मी जणू तुला हातपाय कापून घ्यायला सांगितलंय. मग एका वर्षी टेक्सासात कधी नव्हे ती गोठवणारी थंडी पडली, दिलीपच्या घरातले पाइप फुटले, आणि तू आठवडाभर शीळ घालत स्वयंपाक केलास. तरी मी हार मानली नव्हती. दिलीपचा परवा पुन्हा फोन आला. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. समोरून भांडणारं कुणी नसलं की काय बोलायचं ते कळत नाही.

आता तुझ्या भिंतीकडे येतो.

त्या लॉकच्या उन्हातल्या भिंतीवर काही वर्षांपूर्वी कुणीतरी काँक्रीटचा नवा थर चढवला होता. दिसायला सुरेख, गुळगुळीत. मला तू पहिल्यांदा तिथे नेलंस तेव्हा मी म्हटलं, ही तर नवीकोरी आहे, तुझं इथे काय काम? तू हातोडी काढलीस आणि माठ घेताना बायका वाजवून बघतात तशी भिंत वाजवत गेलीस. खणखणीत, खणखणीत, आणि मग मध्येच बद्द. बर्फ वितळायच्या दिवसांत तू मुद्दाम तिथे जायचीस, कारण तेव्हा त्या सुंदर थराच्या सांध्यांतून पाणी झिरपताना दिसायचं, पांढरे ओघळ मागे ठेवून. तुझा संशय सरळ होता. जुन्या भिंतीत पाणी येतंच, मागच्या मातीतून येतं. पूर्वी ते पुढून सुकून जायचं. नव्या थराने त्याची वाट बंद केली. आता ते थराच्या मागे साचतं, तिथेच गोठतं, तिथेच वितळतं, आणि बाहेरून कुणाला काही कळत नाही.

ज्यांनी तुमच्या कंपनीला तपासणीचं काम दिलं होतं त्यांच्या बाजूने रॉन होता. वाईट माणूस नव्हे. त्याच्या उमेदीची सगळी वर्षं त्या नदीवरच गेलेली. त्याला रिपोर्टमध्ये हवं होतं की पृष्ठभाग चांगला आहे, ओघळ दिसतात तिथे डागडुजी करावी. तुला हव्या होत्या आरपार काढलेल्या कांड्या, कोअर. पोकळ ड्रिलने भिंतीतून लांब दंडगोल काढायचा आणि आत काय आहे ते उघड्या डोळ्यांनी बघायचं. त्यासाठी लॉक बंद ठेवून रिकामं करायला लागणार होतं. तो म्हणाला, तुम्ही जे बघितलं तेवढंच लिहा ना. त्या दिवशी तू घरी आलीस ती बूटसुद्धा न काढता ओट्याशी उभी राहून मला सांगायला लागलीस. तू त्या सगळ्यांसमोर काय म्हणालीस ते तुझ्या ऑफिसातल्या डेनीसने मला नंतर पुन्हा सांगितलं, अगदी शब्दन् शब्द.

"मी जे बघितलं नाही ते चांगलं आहे, असं मी कसं लिहू?"

आणि तू सही केली नाहीस. ऑफिसातल्या बऱ्याच जणांना वाटलं मंजूबाई हट्टाला पेटल्या. तेव्हा मला एकट्याला माहीत होतं की तू घाबरलेली होतीस. तुला भिंत पाडायला लावायची नव्हती. तुझा त्या भिंतीवर जीव होता, माझ्या मते गरजेपेक्षा जास्त. पोहे चिवडत तू मला म्हणालीस की थराच्या मागे सडलंय याची तुला खात्री आहे, पण किती खोल ते माहीत नाही. तुझा अंदाज होता खांद्यापर्यंत हात घातला तरी संपणार नाही इतकं. मग वरची सगळी भिंत पाडावी लागेल, लॉक कितीतरी काळ बंद राहील, नदीकाठच्या त्या गावाचं काय होईल, रॉनचं काय होईल. मी विचारलं, मग कशाला विचारतेस? झाकलेलं राहू दे. तू म्हणालीस, "झाकून ते थांबत नाही ना रे."

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी तुझी बायॉप्सी सांगितली. ईशा क्युपर्टिनोहून फोनवर रडायला लागली, तर तू तिला दटावलंस. "रडून काहून राहिली तू? माझा कोअर काढून राहिले, एवढंच." ती रडता रडता हसली. तिला मराठी कळतं, बोलत नाही, पण तुझं नागपुरी मात्र तिला थेट पोचतं. डॉक्टरांच्या खोलीत तू पहिला प्रश्न विचारलास तो किती खोल, हाच. त्यांना वाटत होतं वरवर असेल, काढून टाकता येईल. ऑपरेशनला पोट उघडलं तेव्हा कळलं की आपल्या सगळ्यांच्या अंदाजापेक्षा ते फार पुढे गेलंय. शुद्धीवर आल्यावर तू माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि मला काही सांगावंच लागलं नाही. तू फक्त म्हणालीस, बरं झालं, कळलं तरी.

जुलैमध्ये केमोच्या मधल्या बऱ्या दिवसांत तू मला गाडी काढायला लावलीस. तू वर भिंतीच्या माथ्यावर खुर्ची टाकून बसलीस, डोक्याला माझी टोपी, आणि खाली डेनीस शिडीवरून तू बोट दाखवशील तिथे पिवळे गोल काढत होती. परवानगी अजून मिळालेली नव्हती. डेनीस तुझ्या हाताखाली तयार झालेली, तिला विचारलं तर म्हणाली, गोल काढायला परवानगी लागत नाही. परत येताना तू गाडीत झोपून गेलीस. मी हळू चालवत होतो. मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटत होता की मागच्या माणसाने हॉर्न दिला तरी मी वेग वाढवला नाही.

ऑक्टोबरात रॉन घरी आला. हातात भोपळ्याचं गोड सारण भरलेला पंपकिन पाय, चेहरा शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा. तुझ्या पलंगाशी बसला आणि हवेबद्दल बोलला, नातवंडांबद्दल बोलला. निघताना म्हणाला की या हिवाळ्यात दारांच्या दुरुस्तीसाठी लॉक रिकामं करणारच आहेत, तेव्हा तुझी भोकं पाडून घेऊ. तू त्याचे आभार मानलेस आणि लगेच सांगितलंस की कोअर थरापाशी थांबवायचे नाहीत, चांगलं काँक्रीट लागेपर्यंत आत जायचं. तो गेल्यावर तू म्हणालीस, पंपकिन पाय बेकार आहे पण माणूस चांगला आहे. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंग झालं आणि त्याच आठवड्यात तू गेलीस.

आणि आज आम्ही तिथे उभे होतो. लॉक रिकामं बघायची माझी पहिलीच वेळ. एरवी पाण्याखाली असणारी भिंत उघडी पडली होती, काळी, शेवाळलेली, आणि तिच्यावर तुझा तो सुंदर राखाडी थर. हवा इतकी गार होती की बोलताना दात वाजत होते. ईशाने तुझं जाड जॅकेट घातलं होतं. डेनीसने ड्रिलवाल्याला पहिला गोल दाखवला आणि आम्ही मागे सरकलो.

आधी नवा थर निघाला. एकसंध, कुल्फीच्या कांडीसारखा बाहेर आला. मग ड्रिल आत गेलं आणि आवाज बदलला, आणि जे बाहेर आलं त्याला कांडी म्हणवेना. पापुद्रे, चुरा, ओला भुगा. डेनीसने हातमोजा काढून त्यातला एक तुकडा बोटांत धरला आणि तो नुसत्या दाबाने सुटला. तू सांगितलं होतंस तसंच, थराच्या बरोबर मागे. डेनीसने माझ्याकडे बघितलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. तुझं खरं ठरलं होतं, आणि आता पुढचं काय ते उरलं होतं. मला ऑपरेशनच्या दिवशीची ती वेटिंग रूम आठवली. मी ईशाचा हात धरला.

ड्रिल आणखी आत गेलं. ड्रिलवाल्याने एकदम हात उचलून थांबायची खूण केली. यंत्राचा सूर पुन्हा चढला होता. त्याने जपून ओढलं आणि एक लांब कांडी बाहेर आली, ओली, जड, अख्खी. नदीतले गोल गोटे तिच्यात जसे घातले तसे बसलेले, एकाही बाजूला तडा नाही. डेनीसने चुऱ्याच्या जागेवर हात पसरून माप घेतलं. वीतभर. मंजू, वीतभर! तू अख्खा हात म्हणत होतीस. दुसऱ्या गोलात तेच, तिसऱ्यात त्याहून कमी. बाकीचेही केले, कुठेही वितीच्या पुढे गेलेलं नाही. हवेचे बुडबुडे नसलेलं, काठोकाठ भरलेलं ते जुनं काँक्रीट आत शाबूत उभं होतं.

डेनीसने ती कांडी ईशाच्या हातात दिली. तुझी लेक ती लहान बाळासारखी धरून उभी राहिली आणि मला म्हणाली, "बाबा, शी वॉज सो स्केअर्ड ऑफ द आन्सर. अँड शी आस्क्ड एनीवे." मग पुढचं मराठीत म्हणाली, अडखळत, "आई भारी होती." मला रडू आलं. लपवलं नाही.

आता काय करायचं तेही ठरलं. नवा थर आणि मागचा चुरा काढून टाकायचा, पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवायची, आणि बुडबुडे असलेलं नवं काँक्रीट जुन्या शाबूत भिंतीला बांधून घालायचं. रिपोर्टवर डेनीसची सही असेल. थरामागचं पाणी, सांधे, ओघळ, हा सगळा भाग तुझाच आहे, ती त्यातला शब्दही बदलणार नाही म्हणाली. खोलीचा आकडा तेवढा तिला बदलावा लागणार.

निघताना रॉन माझ्यापाशी आला. टोपी हातात घेऊन म्हणाला, थराबद्दल तिचं बरोबर होतं, मी ऐकायला हवं होतं. मग म्हणाला, "खोलीबद्दल मात्र ती चुकली." आणि लगेच ओशाळला, नुकत्याच गेलेल्या बाईच्या नवऱ्याला आपण हे काय ऐकवलं म्हणून. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, परत सांग. त्याला काही समजेना. मी म्हटलं, प्लीज, एकदा परत सांग. त्याने सांगितलं, यंत्राच्या आवाजात जरा मोठ्याने, आणि मी हसायला लागलो.

तुझ्या पोटात ते आपल्याला वाटलं होतं त्याहून खोल गेलं होतं. इथे गेलेलं नाही. इथे ते वीतभर जाऊन थांबलंय. आणि हे कळलं ते तू विचारलंस म्हणून, उत्तराची भीती वाटत असताना विचारलंस म्हणून. नाहीतर त्या सुंदर थराच्या मागे ते दर हिवाळ्यात थोडं थोडं आत सरकत राहिलं असतं आणि एक दिवस खरोखरच खांद्यापर्यंत गेलं असतं.

भिंत पाडायची नाहीये. तू चुकलीस गं मंजू, आणि मला तुझा इतका अभिमान आजवर कधी वाटला नव्हता.